निव्वळ बचावासाठी ओळखल्या जाणाऱ्या बास्केटबॉलपटूची अदलाबदलीत किंमत किती धरावी?

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जून २०२४ मध्ये शिकागो बुल्सने ॲलेक्स करुसो हा खेळाडू ओक्लाहोमा सिटी थंडरला दिला आणि बदल्यात जॉश गिडी घेतला. व्यवहार सरळ एकास एक होता. सोबत ड्राफ्टची, म्हणजे दरवर्षी संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतली, एकही निवड कोणी कोणाला दिली नाही. करुसो तेव्हा तीस वर्षांचा होता, ड्राफ्टमध्ये त्याला कोणत्याही संघाने निवडलेले नव्हते आणि सामन्यामागे त्याचे गुण जेमतेम दहा होते. गिडी एकवीस वर्षांचा, २०२१ च्या ड्राफ्टमधली सहावी निवड. नुसती आकडेवारी वाचणाऱ्याला शिकागोचेच पारडे जड वाटले असते. पुढच्याच हंगामात ओक्लाहोमा सिटी विजेती ठरली, आणि त्या वाटचालीत डेन्व्हरविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात, जवळजवळ सात फूट उंचीच्या निकोला योकिचला अडवण्याची जबाबदारी सहा फूट पाच इंचांच्या करुसोवर टाकण्यात आली. ओक्लाहोमाने तो सामना १२५-९३ असा जिंकला.

माझे मत असे आहे की, केलेले गुण फलकावर दिसतात आणि वाचवलेले गुण कोठेच दिसत नाहीत. त्यामुळे अदलाबदलीच्या बाजारात बचावपटूला सातत्याने कमी लेखले जाते.

आता प्रश्न. संघ तुमच्या हातात आहे असे समजा. बचावात अव्वल, आक्रमणात सर्वसाधारण, वय अठ्ठावीस आणि करार अजून तीन वर्षांचा, असा खेळाडू समोर आला, तर त्याच्यासाठी पहिल्या फेरीच्या किती निवडी द्याल? कृपया आकडा सांगावा आणि कारणही द्यावे.

मंगळवार पेठ

माझा आकडा शून्य, आणि कारण रूडी गोबेअर. जुलै २०२२ मध्ये मिनेसोटाने त्याच्यासाठी युटाला पहिल्या फेरीच्या चार निवडी दिल्या, आणखी एका वर्षी आपली निवड मिनेसोटाच्या निवडीशी बदलून घेण्याचा हक्क दिला आणि वर पाच खेळाडू दिले. त्या पाचांतला वॉकर केसलर त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये बाविसाव्या क्रमांकावर घेतलेला सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, होता, म्हणजे युटाला गोबेअरच्या जागी तरुण आणि स्वस्त बचावपटूही मिळाला. एवढे मोजून मिनेसोटाने पहिल्या हंगामात ४२ सामने जिंकले आणि प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद मालिकांच्या, पहिल्याच फेरीत डेन्व्हरकडून ४-१ असा पराभव पत्करला. बाजार बचावपटूला कमी लेखतो हे विधान या एका व्यवहारापुढे टिकत नाही.

शाहूपुरी सहावी गल्ली

मंगळवार पेठ यांनी पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला, पण त्यापुढची वर्षे सोडून दिली. २०२३-२४ मध्ये मिनेसोटाचा बचाव संपूर्ण लीगमध्ये पहिल्या क्रमांकाचा होता, संघाने ५६ सामने जिंकले, गोबेअरला सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार चौथ्यांदा मिळाला आणि संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत गेला. २०२५ मध्ये पुन्हा तेथवर गेला. चार वेळा हा पुरस्कार मिळवणारे त्याच्याखेरीज दोनच खेळाडू आहेत, डिकेम्बे मुटोम्बो आणि बेन वॉलेस. पहिल्या फेरीची निवड म्हणजे तरी काय असते? बहुतेक वेळा तो एक तरुण असतो, जो तीन वर्षांनी उपयोगी पडेल किंवा पडणारही नाही. मिनेसोटाने दिलेली २०२३ ची निवड सोळावी ठरली. त्या बदल्यात एखादा संघ वर्षानुवर्षे प्लेऑफ खेळत असेल, तर तो व्यवहार मी तरी फसलेला म्हणणार नाही.

कसबा बावडा

शाहूपुरी, तुम्ही सांगितलेल्या त्याच हंगामातली एक गोष्ट लक्षात घ्यावी. डेन्व्हरविरुद्धच्या मालिकेतला दुसरा सामना गोबेअर खेळला नव्हता, कारण त्याच्या घरी बाळाचा जन्म झाला होता. तो सामना मिनेसोटाने डेन्व्हरच्या मैदानावर १०६-८० असा जिंकला. ज्याच्यासाठी चार निवडी दिल्या, तो नसताना बचाव इतका भक्कम राहत असेल, तर त्या बचावाचे श्रेय नेमके कोणाला द्यायचे?

फुलेवाडी

मी अनेक वर्षे शाळकरी मुलींना बास्केटबॉल शिकवते, म्हणून कसबा बावडा यांच्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देते.

बचाव हे पाच जणांनी मिळून करायचे काम आहे, आणि त्यात एकाची किंमत त्याच्या स्वतःच्या कामापेक्षा इतर चौघांना मिळणाऱ्या मोकळिकीत अधिक असते. रिंगखाली गोबेअरसारखा उंच खेळाडू उभा असला, की बाहेरच्या खेळाडूला चेंडूवाल्याच्या अंगावर जाऊन खेळता येते. तो चकला तरी मागे कोणीतरी आहे याची त्याला खात्री असते. मागे कोणी नसेल तर तोच खेळाडू एक पाऊल मागे राहतो, आणि त्या एका पावलात समोरच्याला फटका मारायला पुरेशी जागा मिळते. एखाद्या सामन्यात चौघे जण जीव तोडून, दुप्पट धावून ही उणीव भरून काढू शकतात. मिनेसोटाने त्या रात्री तेच केले, आणि जेडन मॅकडॅनियल्स व अँथनी एडवर्ड्स यांनी ज्या जवळिकीने पहारा दिला तो पाहण्यासारखा होता. परंतु ब्याऐंशी सामन्यांच्या हंगामात रोज तसे खेळता येत नाही.

यातून मूळ प्रश्नासाठी एक गोष्ट निघते. ‘बचावपटू’ म्हणून दोन अगदी वेगळ्या प्रकारचे खेळाडू आपण एकाच मापाने मोजतो आहोत. रिंगखालचा सेंटर समोरच्या संघाच्या जवळजवळ प्रत्येक चालीवर प्रभाव टाकतो. बाहेरचा गार्ड कितीही चिवट असला तरी मुख्यतः एका माणसाला रोखतो, आणि समोरचा संघ पडदा लावून, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आपला खेळाडू उभा करून, त्या माणसासमोर दुसराच बचावपटू आणू शकतो. या दोघांच्या किमती सारख्या असणार नाहीत.

उत्तरेश्वर

मग मार्कस स्मार्टचा हिशेब कसा लावायचा? गार्डच होता.

मंगळवार पेठ

उत्तरेश्वर यांनी माझेच म्हणणे पुढे नेले आहे. स्मार्ट २०२२ चा सर्वोत्तम बचावपटू. १९९६ च्या गॅरी पेटननंतर हा पुरस्कार मिळवणारा पहिला गार्ड. जून २०२३ मध्ये तीन संघांच्या व्यवहारात बोस्टनने त्याला मेम्फिसकडे पाठवले. मेम्फिसने त्यासाठी टायस जोन्स आणि पहिल्या फेरीच्या दोन निवडी खर्च केल्या. दुखापतींमुळे स्मार्ट दोन हंगामांत मिळून चाळीस सामनेही त्यांच्यासाठी खेळू शकला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेम्फिसने त्याला वॉशिंग्टनला दिले आणि सोबत आणखी एक पहिल्या फेरीची निवडही दिली, म्हणजे त्याचा करार डोक्यावरून उतरवण्यासाठी वरून मोल द्यावे लागले. मिळवताना दोन निवडी, घालवताना एक.

राजारामपुरीकर

स्मार्टच्या बाबतीत दुर्दैव दुखापतीचे होते. दुखापत गुण करणाऱ्या खेळाडूलाही होते.

फुलेवाडी

खरे आहे, परंतु दुखापतीचा परिणाम दोघांवर सारखा होत नाही. नेमबाजाचा गुडघा दुखावला तरी त्याचा हात शाबूत राहतो. एका जागी उभे राहून तीन गुणांचे फटके मारणारे पस्तिशीतले खेळाडू आपण पाहतो. गार्डचा बचाव सगळा पायांवर असतो. बाजूला सरकणे, थांबणे, पुन्हा दिशा बदलणे यांतला अर्धा क्षण गेला, की तो खेळाडू सामान्य होतो, आणि आक्रमणात त्याच्याकडे दुसरे काही नसेल तर त्याला कोर्टवर ठेवण्याचे कारणच उरत नाही. म्हणून बाहेरच्या बचावपटूला विकत घेताना मी सर्वांत आधी त्याचे वय आणि पाय पाहीन, पुरस्कार नंतर.

उजळाईवाडी

एवढ्या चर्चेत पगाराचा विषय अजून कोणीच काढला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. अदलाबदलीत माणसाबरोबर त्याचा करारही हस्तांतरित होतो, आणि कित्येकदा खरा सौदा त्या कराराचाच असतो.

२०२४-२५ साठी एनबीएत संघाच्या एकूण पगाराची मर्यादा सुमारे चौदा कोटी सहा लाख डॉलर होती, आणि तिच्यावर ‘दुसरा एप्रन’ म्हणून ओळखली जाणारी रेषा सुमारे अठरा कोटी नव्वद लाखांवर होती. ती रेषा ओलांडणाऱ्या संघाला लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०२३ च्या सामूहिक करारानुसार दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक महागडा खेळाडू आणता येत नाही, आणि दिल्यापेक्षा जास्त पगारही परत घेता येत नाही. अशा संघाला तारे सांभाळून त्यांच्याभोवती स्वस्त आणि भरवशाचे खेळाडू हवे असतात. करुसोचा त्या वर्षीचा पगार एक कोटी डॉलरच्या आतच होता आणि गिडीचाही तसाच, त्यामुळे पगार जुळवण्यासाठी तिसरा खेळाडू घालावा लागला नाही. राजारामपुरीकर ज्या व्यवहारावर एवढे खूश आहेत, तो इतका साधा होण्यामागे हेही एक कारण आहे. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये त्याच करुसोशी ओक्लाहोमाने चार वर्षांचा आठ कोटी दहा लाख डॉलरचा करार केला. खेळ तोच आहे. पण या नव्या पगारावर त्याला विकायला काढले तर समोरून येणारी बोली तशीच राहील का, याचा विचार व्हावा.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे ज्रू हॉलिडे. नोव्हेंबर २०२० मध्ये मिलवॉकीने त्याच्यासाठी एरिक ब्लेडसो, जॉर्ज हिल, पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि अदलाबदलीचे दोन हक्क दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बोस्टनने माल्कम ब्रॉग्डन, रॉबर्ट विल्यम्स आणि पहिल्या फेरीच्या दोन निवडी दिल्या. मिलवॉकी २०२१ मध्ये आणि बोस्टन २०२४ मध्ये, म्हणजे दोन्ही संघ त्याला आणल्यावर पहिल्याच हंगामात विजेते झाले. परंतु एप्रिल २०२४ मध्ये बोस्टनने त्याच्याशी चार वर्षांचा तेरा कोटी चव्वेचाळीस लाखांचा करार केला, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात पगाराचा भार कमी करण्यासाठी त्याला पोर्टलंडकडे पाठवले, तेव्हा बदल्यात आला एकटा अँफर्नी सायमन्स, ज्याच्या कराराचे एकच वर्ष उरले होते. हॉलिडे तोवर पस्तिशीत पोहोचला होता.

शाहूपुरी सहावी गल्ली

हॉलिडेच्या निमित्ताने २०२१ च्या अंतिम मालिकेचा पाचवा सामना आठवला. शेवटच्या क्षणांत फीनिक्स फक्त एका गुणाने मागे होते, डेव्हिन बुकर चेंडू घेऊन आत शिरला आणि हॉलिडेने तो त्याच्या हातातून अक्षरशः उपटून घेतला. वेळ काढण्याऐवजी त्याने धावत जाऊन मिलवॉकीच्याच यानिसला उंच पास दिला आणि यानिसने तो थेट रिंगमध्ये ठोकला. आपल्याकडे ती रविवारची सकाळ होती आणि घरातले सगळे माझ्या ओरडण्याने जागे झाले. नोंदवहीत त्या हिसकावणीपुढे एक स्टील एवढेच लिहिले गेले असेल.

शिवाजी पेठ

बास्केटबॉल मला तुमच्याइतका कळत नाही, पण हा प्रश्न मला शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलमुळे ओळखीचा वाटतो. आपल्या पेठांचे आणि तालमींचे संघ हंगामासाठी बाहेरचा खेळाडू आणतात, तेव्हा माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा शोध गोल करणाऱ्याचाच असतो. अंतिम सामन्यानंतर खांद्यावर उचलतात तेही त्यालाच. मागच्या फळीत जो गडी नव्वद मिनिटे समोरच्याला पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर ठेवतो, त्याचे नाव दुसऱ्या पेठेला ठाऊकही नसते. पण तो पुढच्या वर्षी संघ सोडून गेला, की पहिल्या दोन सामन्यांतच सर्वांना त्याची आठवण होते. फुटबॉलमध्ये बचावपटूने गोल केला नाही तर कोणी तक्रार करत नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र त्याने गुणही करावेत असा आग्रह का, हे मला समजून घ्यायचे आहे.

फुलेवाडी

शिवाजी पेठ, या धाग्याचे सारे उत्तर तुमच्या प्रश्नात आहे असे मला वाटते.

फुटबॉलचा बचावपटू स्वतःच्या अर्ध्यात थांबू शकतो आणि आक्रमण बाकीचे करतात. बास्केटबॉलमध्ये पाचच खेळाडू असतात आणि पाचही जणांना दोन्ही बाजूंना खेळावे लागते. ज्याला फटका मारता येत नाही, त्याला समोरचा संघ मोकळा सोडतो आणि त्याच्यावरचा माणूस रिंगजवळ मदतीला पाठवतो. मग आपला उत्तम खेळाडू दोघांच्या कात्रीत सापडतो. म्हणजे एकाच्या दुबळेपणाची शिक्षा दुसऱ्याला होते.

फिलाडेल्फियाच्या मटीस थायबुलचे उदाहरण घ्या. २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षे तो लीगच्या बचाव संघांत, म्हणजे वर्षातल्या उत्कृष्ट बचावपटूंच्या मानाच्या यादीत, निवडला गेला. त्याचे हात आणि अंदाज विलक्षण होते. थ्री पॉइंटरचा फटका मारणाऱ्याच्या मागून येऊन ब्लॉक करणारे खेळाडू फार थोडे असतात आणि तो त्यांत होता. पण प्लेऑफमध्ये समोरचे संघ त्याला कोपऱ्यात खुशाल मोकळा सोडत, त्यामुळे प्रशिक्षकाला त्याला बाकावर बसवावे लागे. फेब्रुवारी २०२३ मध्ये चार संघांच्या एका व्यवहारात फिलाडेल्फियाने त्याला पोर्टलंडला दिले आणि त्यांच्या वाट्याला जेलन मॅकडॅनियल्स आला. दोन वेळा बचाव संघात निवडलेल्या, ऐन पंचविशीतल्या खेळाडूचा हा भाव आहे.

आता त्याच्या शेजारी करुसोला ठेवून पाहा. बचाव दोघांचाही उत्तम आहे. पण करुसोला कोपऱ्यात मोकळे सोडले तर तो तीन गुण घेऊन जातो, चेंडू वेळेवर पुढे देतो, आणि पडदा लावून लगेच रिंगकडे धावतो. राजारामपुरीकर त्याला निव्वळ बचावपटू म्हणतात, ते मला मान्य नाही. बचाव त्याला महान करतो, परंतु कोर्टवर टिकवून ठेवते ते त्याचे आक्रमण. माझ्या दृष्टीने बचावपटूची किंमत याच ठिकाणी ठरते: मे आणि जून महिन्यांत, शेवटच्या पाच मिनिटांत, प्रशिक्षक त्याला आत ठेवू शकतो की नाही.

बिंदू चौक

फुलेवाडी ताईंचे विवेचन पटले, तरी इतिहासातले तीन व्यवहार सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यांत ज्याला आक्रमण येत नाही असेच दोघे आहेत.

पहिला १९५६ चा. बोस्टनने एड मॅकॉली आणि क्लिफ हेगन हे दोघे सेंट लुईसला देऊन ड्राफ्टमधल्या दुसऱ्या निवडीचा हक्क घेतला, आणि त्यातून बिल रसेल आला. त्याच्या तेरा हंगामांत बोस्टन अकरा वेळा विजेते झाले. स्टील आणि ब्लॉक यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली, म्हणजे रसेलच्या एकाही ब्लॉकचा अधिकृत आकडा आज उपलब्ध नाही. इतिहासातल्या कदाचित सर्वांत मोठ्या बचावपटूच्या मुख्य गुणाला नोंदवहीत जागाच नव्हती.

दुसरा ऑक्टोबर १९९५ चा. शिकागोने विल पर्ड्यू देऊन सॅन अँटोनिओकडून डेनिस रॉडमन घेतला. रॉडमन तेव्हा दोनदा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला होता, पण त्याच्या वागण्याला तो संघ कंटाळला होता. शिकागोत पहिल्या हंगामात सामन्यामागे त्याचे गुण सहासुद्धा नव्हते, रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू, मात्र जवळजवळ पंधरा. संघाने ७२ सामने जिंकले, दहा गमावले, आणि त्या हंगामापासून सलग तीन वर्षे विजेतेपद सोडले नाही.

तिसरा ऑगस्ट २००० चा. ग्रँट हिल ऑर्लँडोला जाणार हे ठरल्यावर डेट्रॉइटने रिकाम्या हाताने बसण्यापेक्षा त्या बदल्यात चकी ॲटकिन्स आणि बेन वॉलेस घेतले. वॉलेसला ड्राफ्टमध्ये कोणीही निवडले नव्हते आणि त्याचे फ्री थ्रो पाहवत नसत. हिलच्या घोट्याने दगा दिला आणि ऑर्लँडोसाठी पहिल्या तीन हंगामांत तो फक्त ४७ सामने खेळला. वॉलेस चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि २००४ मध्ये डेट्रॉइट विजेते झाले. रॉडमन काय, वॉलेस काय, त्यांच्या फटक्याची कोणालाही भीती नव्हती. तरी त्यांना शेवटच्या मिनिटाला बसवण्याची हिंमत कोणी केली नाही.

कसबा बावडा

बिंदू चौक सर, तुमची उदाहरणे मोठी आहेत आणि मी ती आदराने वाचली, परंतु ती सगळी फळ लागल्यानंतर निवडलेली आहेत. ज्या बचावपटूंना अशाच व्यवहारांत इकडून तिकडे पाठवले गेले आणि ज्यांच्यामुळे काहीच घडले नाही, त्यांची यादी कोणी लिहीत नाही. शिवाय रॉडमन ज्या संघात आला तेथे जॉर्डन आणि पिपेन आधीपासून होते. गुण करणारे दोघे घरात असल्यावर सामन्यामागे सहा गुण करणारा चालतो. ज्या संघाकडे एकही नाही त्याने रॉडमनला घेऊन काय साधले असते? त्यामुळे एकच आकडा मागणे मला मुळात योग्य वाटत नाही. घेणारा कोण आहे ते आधी सांगावे.

बिंदू चौक

हा आक्षेप योग्य आहे. मी त्यात एवढीच भर घालीन की, वॉलेसच्या डेट्रॉइटकडे जॉर्डन नव्हता. तेथे पाचही जण बचाव करत होते आणि गुण वाटून घेत होते. तसा संघ मात्र पुन्हा क्वचितच पाहायला मिळाला आणि त्यानंतर नियमही आक्रमणाच्या बाजूने झुकले. २००४-०५ पासून बाहेरच्या खेळाडूला हात लावून अडवण्यावर पंचांनी कडक नजर ठेवली.

कदमवाडी

स्टीलच्या नोंदीवरून डायसन डॅनियल्सचे नाव यायला हवे होते. जुलै २०२४ मध्ये डेजॉन्ते मरेच्या व्यवहारात न्यू ऑर्लिन्सने त्याला अटलांटाला दिले, आणि तेव्हा बातम्यांत सगळी चर्चा मरेची होती. २०२४-२५ मध्ये डॅनियल्सने २२९ स्टील केले, सामन्यामागे तीन. १९९५-९६ च्या गॅरी पेटनच्या २३१ नंतर एका हंगामात एवढे कोणीच केले नव्हते. त्या वर्षीचा सर्वाधिक प्रगती करणारा खेळाडू म्हणून त्याला पुरस्कारही मिळाला. राजारामपुरीकरांच्या मूळ म्हणण्याला मी येथे पूर्ण पाठिंबा देतो: बाजाराने हा खेळाडू ओळखला नाही. मात्र ओळखला नाही तो एकवीस वर्षांचा असताना. पुरस्कार मिळाल्यावर हाच बाजार बचावपटूची किंमत वाढवून सांगतो, हे गोबेअर आणि स्मार्ट यांच्यावरून दिसले. खरा फायदा पुरस्काराच्या आधी घेणाऱ्याला होतो.

फुलेवाडी

कदमवाडी यांचे शेवटचे वाक्य मी माझ्या मुलींच्या पालकांनाही ऐकवणार आहे. स्टीलच्या आकड्याविषयी मात्र थोडे जपून राहावे, कारण प्रत्येक वेळी चेंडूवर झडप घालणारा खेळाडू जेव्हा चुकतो तेव्हा मागे चारच जण उरतात. डॅनियल्स उत्तम आहे तो झडपेसाठी नव्हे, झडप हुकल्यावरही तो ज्या वेगाने जागेवर परत येतो त्यासाठी.

मंगळवार पेठ

न्यूयॉर्क निक्सने मिकाल ब्रिजेससाठी पहिल्या फेरीच्या पाच निवडी दिल्या, तो व्यवहार कोणत्या खात्यात धरायचा?

उजळाईवाडी

बचावाच्या खात्यात निम्माच. तो गुणही करतो, त्याने व्यावसायिक कारकिर्दीत दुखापतीमुळे एकही सामना चुकवलेला नव्हता आणि त्याचा पगार तेव्हा त्याच्या कुवतीपेक्षा बराच कमी होता. त्या पाच निवडींपैकी दोन तरी कराराच्या आणि न चुकता हजर राहण्याच्या होत्या, असे मी मानतो. त्याच निक्सने डिसेंबर २०२३ मध्ये ओजी अनुनोबीसाठी आरजे बॅरेट आणि इमॅन्युएल क्विकली हे दोघे तरुण आणि दुसऱ्या फेरीची एक निवड दिली होती, आणि पुढे त्याच्याशी पाच वर्षांचा एकवीस कोटींहून मोठा करार केला. दोन्ही वेळा घेणारा संघ एकच होता आणि त्याला आपल्या मुख्य गुण करणाऱ्या जेलन ब्रन्सनच्या भोवती रक्षण करणारे हात हवे होते. कसबा बावडा यांनी विचारलेला ‘घेणारा कोण’ हा प्रश्न येथे लागू पडतो.

शाहूपुरी सहावी गल्ली

शिकागोची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. त्यांना विजेतेपद जवळ दिसत नव्हते. तीस वर्षांचा बचावपटू अशा संघात म्हातारा होत जातो आणि त्याच्या बचावाने संघ नववा येतो की दहावा, एवढाच फरक पडतो. गिडीने २०२४-२५ मध्ये सामन्यामागे साडेचौदा गुण, आठ रिबाउंड आणि सात असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) केले, आणि शिकागोने त्याच्याशी चार वर्षांचा दहा कोटी डॉलरचा करार केला. संघ ३९ सामने जिंकून प्लेऑफच्या पात्रतेसाठीच्या प्ले-इन सामन्यात मायामीकडून हरला, हे खरे. तरीही एकाला जे हवे होते ते त्याला मिळाले आणि दुसऱ्याला जे हवे होते ते त्याला. यात फसवणूक कोठे दिसते?

राजारामपुरीकर

सर्वांचे आभार. मी प्रश्न विचारताना खेळाडूचे वय आणि करार सांगितला, परंतु तो फटका मारू शकतो की नाही आणि घेणाऱ्याकडे गुण करणारे कोण आहेत, हे सांगितले नव्हते. ते धरून माझा आकडा देतो. संघात गुण करणारे दोघे असतील, खेळाडू कोपऱ्यातून भरवशाने थ्री पॉइंटर मारत असेल आणि पगार मध्यम असेल, तर मी पहिल्या फेरीच्या दोन निवडी देईन. त्यांतली एक पाच वर्षांनंतरची असली तरी चालेल. तोच खेळाडू रिंगखालचा सेंटर असेल तर तीन. फटका मारू न शकणारा गार्ड असेल तर एकही नाही, मग त्याच्या घरी कितीही पुरस्कार असोत. मात्र मूळ मतावर मी ठाम आहे. ड्राफ्टच्या रात्री आणि पहिल्या करारापर्यंत बचावपटू स्वस्त मिळतो, कारण तेव्हा त्याला मोजण्यासाठी कोणाकडेही पुरेसे आकडे नसतात. करुसो आणि वॉलेस यांच्याप्रमाणेच ओक्लाहोमाच्या लू डॉर्टलाही २०१९ च्या ड्राफ्टमध्ये कोणी निवडले नव्हते.

फुलेवाडी

सेंटरसाठी तीन देण्याआधी तुम्ही २०२४ च्या पश्चिम विभागीय अंतिम मालिकेचा दुसरा सामना पुन्हा पाहावा, अशी विनंती आहे. शेवटच्या चालीत डॅलसने पडदा लावून गोबेअरला बाहेर ओढले, लुका डॉन्चिचने त्याच्यासमोर मागे सरकून तीन गुण घेतले आणि सामना १०९-१०८ असा जिंकला. सेंटरला बाहेर येऊन पाय हलवता येत असतील तर तीन, नसतील तर माझ्या मते दोनच.

मंगळवार पेठ

माझा शून्य मी एकावर आणतो, तोही फक्त गार्ड चोविसाच्या आतला असेल तर.